यादीत नसलेला अल्बम

नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईचं स्त्रीधन परत मिळवायचं म्हटलं, की पहिलं काम यादी करण्याचं. एका कौटुंबिक सल्ला केंद्रात अशा याद्या लिहून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण, लोखंडी कपाट, गाद्या, पितळी पातेली, तांब्याचं घंगाळ, बारशाला माहेरून आलेले चांदीचे वाळे. बाई आठवून आठवून सांगते, तिची आई मधूनच "आणि तो मिक्सर?" म्हणून भर घालते. पुढं कधीतरी टेंपोतून सामान येतं. निम्मं मिळतं, निम्मं बुडतं. बाई सही करते. आणि दोन-चार दिवसांनी परत येऊन, जणू काही जास्तीचं मागतो आहोत अशा आवाजात विचारते, "ताई, बाळाचे तेवढे फोटो मिळतील का हो?"

हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकला आहे, की ही एकेकीची हळवी इच्छा आहे असं मला आता वाटत नाही. मिक्सर हक्कानं मागणारी बाई फोटो मात्र उपकार मागितल्यासारखे मागते. कारण घंगाळाला किंमत आहे, पावती आहे. मुलाच्या पहिल्या पावलाच्या फोटोला बाजारात किंमत नाही. आणि बाजारात किंमत नसलेल्या बाईच्या वस्तूंना कायद्याच्या भाषेत नावही पटकन मिळत नाही. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की मुलाचे फोटो ही हळवेपणाची बाब म्हणून बाजूला सारायची गोष्ट नाही. ती आईच्या हक्काची आणि त्याहूनही जास्त मुलाच्या हक्काची वस्तू आहे. ती यादीत हवी, अर्जात हवी आणि तडजोडीच्या कागदावरही हवी.

मुळात हे फोटो मागं का राहतात? घर सोडणारी बाई बॅग भरून, निरोप घेऊन निघत नाही. बऱ्याचदा ती रात्री निघते, अंगावरच्या साडीनिशी. मूल कडेवर असलं तर नशीब. अल्बम असतो कपाटात आणि कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. पूर्वी कॅमेराही नवऱ्याचाच असे. आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघत, पुढं छत्तीसचे रोल आले. रोल आणायचा, धुवायला द्यायचा, पैसे भरायचे, हे सगळं पुरुषाचं खातं. त्यामुळे "कॅमेरा माझा, रोल माझा, म्हणून फोटोही माझे" असं ठणकावून सांगणारे नवरे आम्ही पाहिले. यावर आमच्या केंद्रातली एक वयस्क कार्यकर्ती शांतपणे विचारायची, "आणि फोटोतलं मूल?"

आता मोबाइल आले, म्हणजे हा प्रश्न मिटला असं वाटेल. तो मिटलेला नाही. आज मुलाचे फोटो बहुतेक आईच काढते. दात आला, रांगायला लागला, पहिल्यांदा पाटीवर रेघोट्या ओढल्या. दोन वर्षांच्या मुलाचेही हजारभर फोटो असतात. पण भांडणात बाईच्या हातातून पहिल्यांदा हिसकावला जातो तो मोबाइलच. माहेरी फोन करू नये म्हणून. तो आपटला जातो, लपवला जातो. फोटो इंटरनेटवर साठवलेले असले तरी ते खातं नवऱ्यानंच उघडून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड त्याच्याकडे. हजार फोटो काढणाऱ्या आईच्या हाती शेवटी एकही राहत नाही.

ज्यांच्या घरी कॅमेरा नव्हता, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. गावच्या जत्रेत पडद्यावर रंगवलेल्या ताजमहालापुढं उभं करून काढलेला एकुलता एक फोटो. किंवा बालवाडीच्या स्नेहसंमेलनाचा, तीस पोरांच्या घोळक्याचा. एका शेतमजूर बाईकडे असा फोटो होता. मुलगी सासरी राहिलेली, भेट नाही. त्या घोळक्यात मुलीचा चेहरा वाटाण्याएवढा. पिशवीत ठेवून ठेवून फोटोला घड्या पडलेल्या, आणि नेमकी एक घडी त्या चेहऱ्यावरूनच गेलेली. ती बाई सांगायची, "मधली नाक पुसतीय ना, ती माझी." चेहरा दिसत नव्हता, पण आई तो वाचत होती.

आता कुणी म्हणेल, फोटो नसला म्हणून आई मुलाला विसरते की काय? आई विसरत नाही, पण मूल विसरतं. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही, असं मानसशास्त्र सांगतं. आपलाही अनुभव तोच. आपण दीड वर्षांचे असताना आजोळच्या हौदात कसे पडलो, हे आपल्याला 'आठवतं' ते आईनं दहा वेळा सांगितलं म्हणून आणि त्या हौदाचा फोटो घरात आहे म्हणून. लहानपणाची पहिली तीन वर्षं मुलाजवळ नसतातच. ती मोठ्यांजवळ ठेव म्हणून असतात. मग ज्याच्या हाती अल्बम, त्याच्या हाती मुलाचं बालपण. तो जे सांगेल ते खरं.

आणि काय काय सांगितलं जातं! "तुझी आई तुला टाकून गेली." "तिला तुझं कधी काही नव्हतंच." अल्बममधून आईचा चेहरा कात्रीनं कापून काढलेला मी पाहिला आहे. मांडीवर बाळ आहे, बाळाभोवती दोन हात आहेत, बांगड्या आहेत, आणि खांद्याच्या वर काही नाही. हे रागाच्या भरात झालं असेल असं समजून सोडून देता येत नाही. दहा वर्षांनी तो अल्बम चाळणाऱ्या मुलाला त्यातून काय शिकवलं जातं? एक तर आई अशी कुणी नव्हतीच. नाहीतर आपल्याला धरणारे हात कुणाचे, हे विचारायचं नसतं. बाईला घराबाहेर काढण्याइतकीच तिला मुलाच्या आठवणीबाहेर काढणं हीसुद्धा हिंसा आहे. पहिलीची निदान तक्रार होते.

सुट्टीचे फोटो हा यातला सगळ्यात नाजूक भाग. आपल्याकडे मुलाच्या सुट्ट्या म्हणजे बहुधा आईचं माहेर. मे महिन्यात एसटीनं आजोळी जायचं, अंगणात आंब्याचा रस हनुवटीवरून ओघळत बसायचं, विहिरीच्या काठावर मामाच्या मागं उभं राहायचं. पुण्याकडची मुलं असतील तर पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसलेला फोटो हवाच. १९५६ साली सुरू झालेल्या त्या छोट्या गाडीच्या खिडकीतून आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एकाच अल्बमात डोकावताना दिसतात. घर मोडलं की पहिली तुटते ती ही सुट्टी. मुलाचं आजोळ बंद होतं. आईबरोबर आजी, मामा, मावशी यांनाही ते मूल परकं होतं. त्यांच्याकडे उरतात ते जुन्या उन्हाळ्यांचे फोटो, तेही असले तर.

दुसऱ्या प्रकारची सुट्टी म्हणजे महाबळेश्वर, माथेरान, नाहीतर अलिबाग. वेण्णा तलावात होडी, घोड्यावर बसलेलं घाबरलेलं पोर, शेजारी नवी साडी नेसून हसणारी आई. हे फोटो बघताना लक्षात ठेवायला हवं की फोटो दाखवतो तितकंच झाकतोही. सकाळी पाचला उठून दशम्या बांधणारी, मुलाचे ओले कपडे लॉजच्या खिडकीत वाळत घालणारी, गाडी लागलेल्या पोराची उलटी ओढणीनं पुसणारी बाई अल्बमात येत नाही. घरच्यांची सुट्टी सुरू होते तेव्हा तिचं काम फक्त गाव बदलतं. आणि आदल्या रात्री काय झालं, तेही फोटोत येत नाही.

म्हणून हेच फोटो कोर्टात उलटतात. नवऱ्याचा वकील रंगीत फोटो पुढं करतो: "छळ होत होता म्हणता, मग इथे या हसताहेत कशा?" एका बाईनं याला दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ती म्हणाली, "साहेब, पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी हसले नसते तर ते घोड्यावर बसलं नसतं." मुलासाठी हसलेलं हसू नवऱ्याच्या चांगुलपणाचा दाखला होऊ शकत नाही, हे आपण सर्वांनी, विशेषतः समुपदेशकांनी आणि वकिलांनी, नीट समजून घ्यायला हवं. त्या सुट्टीतला मुलाचा आनंदही खरा होता आणि बाईचा छळही खरा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणूनच तर पुष्कळ जणींना तेच फोटो हवे असतात. त्यांना नवऱ्याची आठवण नको असते. त्या दिवशी आपलं लेकरू किती खूष होतं, ते हवं असतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्यातूनच येतो. बाईच्या अंगावर मार आहे, पोटगीचा पत्ता नाही, डोक्यावर छप्पर नाही, आणि तुम्ही फोटोंचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पोटगी आणि निवारा आधी, यात वादच नाही. पण 'आधी' आणि 'नंतर' यांच्या रांगेत बाईच्या काही गोष्टी कायमच्या नंतर राहतात, हाही आपला अनुभव आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत परित्यक्तांनी स्वतंत्र रेशन कार्डाची मागणी लावून धरली तेव्हा "एका कार्डाचं काय एवढं?" असं म्हणणारे होतेच. ते कार्ड म्हणजे साखर-रॉकेलाची सोय तर होतीच, पण नवऱ्याशिवायही ही बाई एक कुटुंब आहे याची कागदावरची कबुली होती. आईच्या नावाचंही तेच. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढं आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लागतं. आईचं नाव दाखल्यावर यायला इतकी वर्षं लागली. तिचा चेहरा अल्बममध्ये राहावा, ही मागणी त्याच वाटेवरची आहे.

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो. "मागचं विसर. फोटो उराशी धरून किती दिवस रडणार? नवं आयुष्य सुरू कर." माहेरची माणसं तर काही वेळा असलेले फोटोही लपवून ठेवतात, तिचं दुसरं लग्न ठरावं म्हणून. पण विसरायचं काय आणि ठेवायचं काय, हे त्या बाईनं ठरवायचं आहे. लग्न संपतं, आईपण संपत नाही. कुणाला फोटो भिंतीवर हवा असेल, कुणाला ट्रंकेच्या तळाशी, कुणाला नकोच असेल. तिन्ही ठीक. पण नको म्हणायलासुद्धा वस्तू आधी आपल्या हातात असावी लागते.

आता बापांविषयी. मुलाच्या आठवणी जपण्याची ओढ फक्त आईला असते असं मी म्हणत नाही. मूल आईकडे गेल्यावर त्याच्या इवल्याशा बुटांचा जोड जपून ठेवणारे बापही मी पाहिले आहेत, आणि अशा बापाला फोटो नाकारणाऱ्या आयाही असतात. हक्क म्हणायचा तर तो दोघांचा. आणि इथेच हा प्रश्न बाकीच्या प्रश्नांपेक्षा सोपा आहे. दागिना वाटला की अर्धा होतो, घर वाटलं की अर्धं होतं. मुलाचा ताबा वाटताना तर कुणाला ना कुणाला रडावंच लागतं. फोटोची प्रत काढली तर कुणाचं काहीच कमी होत नाही. काही रुपयांत प्रत निघते, पेनड्राइव्हवर सगळं बालपण मावतं. इतकं असूनही जो फोटो देत नाही, त्याला फोटो राखायचे नसतात. दुसऱ्याला दुखवायचं असतं. समुपदेशकांनी हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावं.

कायद्यात याला आधार आहे का? 'अल्बम' हा शब्द कुठल्या कलमात सापडणार नाही, पण वाट आहे. स्त्रीधन हे पत्नीच्या संपूर्ण मालकीचं असतं, सासरी ठेवलं म्हणून ते सामायिक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या १९ व्या कलमाखाली स्त्रीधनच नव्हे, तर बाईचा हक्क असलेली इतर मालमत्ताही तिला परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. माहेरच्यांनी बारशात काढलेले फोटो, तिनं स्वतःच्या मोबाइलवर काढलेले फोटो, तो मोबाइल, हे सगळं या 'इतर' मध्ये मागायला काय हरकत आहे? याच कायद्याचं २१ वं कलम मुलाच्या तात्पुरत्या ताब्याविषयी आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्यानुसार पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावं. पण त्याच कलमात पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. त्या 'नंतर'चा अर्थ 'बापाच्या मृत्यूनंतर' एवढाच नाही, हे ठरायला १९९९ चा गीता हरिहरन खटला यावा लागला. २०२० साली यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं: मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे आणि ज्याच्याकडे मूल नाही, त्याला प्रत्यक्ष भेटीबरोबरच फोन किंवा व्हिडिओ कॉलवरून संपर्काचाही हक्क असावा. रोज मुलाचा चेहरा पडद्यावर दिसावा असं न्यायालय म्हणत असेल, तर त्याच्या वाढदिवसाचा फोटो मिळावा हे मागणं जगावेगळं नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. स्त्रीधनाच्या यादीत एक ओळ कायम असू द्या: 'मुलांचे सर्व फोटो, अल्बम, चित्रफिती, किंवा त्यांच्या प्रती.' तडजोडीच्या कागदावर सुट्ट्यांची वाटणी होते. दिवाळी कुणाकडे, मे महिना कुणाकडे. त्याखालीच लिहून घ्या की ज्याच्याकडे सुट्टी, त्यानं त्या सुट्टीतले मुलाचे फोटो दुसऱ्याला पाठवायचे. ज्या घरात ठिणग्या उडत आहेत तिथल्या बाईनं आपल्या नावानं, आपल्याच पासवर्डचं खातं उघडून फोटो तिथे ठेवावेत, आणि एक प्रत बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे द्यावी. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले रंगीत फोटो विटतात, पानांना चिकटून फाटतात. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तरी पुष्कळ.

आणि एक पथ्य दोन्ही बाजूंना. भांडणात मुलाचे फोटो चव्हाट्यावर मांडू नयेत. 'बघा, या लेकराला बापानं कसं टाकलं' किंवा 'बघा ही कसली आई' असं लिहून मुलाचा चेहरा शेकडो मोबाइलवर फिरवणं म्हणजे मुलालाच काठी करून एकमेकांना मारणं. ते मूल उद्या मोठं होणार आहे आणि वाचणार आहे.

ज्यांची घरं शाबूत आहेत, त्या मैत्रिणींनाही दोन शब्द. आपापले अल्बम एकदा काढून बघा. पूर्वी नवरा फोटो काढायचा, तेव्हा बाई फोटोत होती, पण सजून, उभी राहून. मुलाला भरवताना, न्हाऊ घालताना, अभ्यास घेताना क्वचित. आता फोटो तीच काढते, म्हणून ती फोटोतच नाही. मुलगा मोठा होऊन बघेल तर बाबांच्या खांद्यावरून किल्ला पाहिलेला त्याला दिसेल. पाण्याची बाटली, टोपी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन मागून चढणारी आई दिसणार नाही. तेव्हा या सुट्टीत मोबाइल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. केस विस्कटलेले असू देत, साडीला हळदीचे डाग असू देत. मुलाच्या बालपणात आई कशी होती याचा पुरावा कोर्टाला लागो न लागो, मुलाला लागतो.

तुमच्या भागातल्या केंद्रांत, मंडळांत, वकिलांकडे या प्रश्नाचं काय होतं? फोटो मिळवून दिल्याची, नाकारल्याची उदाहरणं असतील तर जरूर कळवा. त्यांतून अर्जाचा एक चांगला मसुदा तयार करता येईल, आणि पुढच्या बाईला हे मागताना आवाज खाली आणावा लागणार नाही.